सतरावर ठोकलेली खुंटी

मामांच्या डाव्या हातात खुंटी होती, उजव्या हातात हातोडा होता, दातांत सुतळीचं टोक होतं आणि नेमका त्याच वेळी खिशातला फोन वाजला.

मोसमातला शेवटचा सामना दुपारी चारला होता. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि पाण्याच्या टाकीकडच्या गोलसमोरचा पेनल्टीचा चौकोन अजून आखायचा होता. फोन वाजू द्यावा, असं मामांना क्षणभर वाटलं. पण तो मामींचा असणार, आणि मामींचा फोन वाजू दिला तर तो थांबत नाही, नुसता दम खातो, हे तीस वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं.

स्टेडियममध्ये त्यांना झाडूवाल्यापासून क्लबच्या अध्यक्षांपर्यंत सगळे मामाच म्हणत. गेली सव्वीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर पांढऱ्या रेषा आखायचं काम त्यांच्याकडे होतं. पूर्वी चुन्याने आखायचे, आता रंगाने. पण "अख्ख्या शहराला राजरोस चुना लावून पगार घेणारा मी एकटाच," हा त्यांचा विनोद सव्वीस वर्षं तोच होता. कामात मात्र विनोद नाही. जुन्या रेषेवरून नवी रेष ओढणं म्हणजे शेजाऱ्याच्या पाटीत बघून लिहिणं, असं त्यांचं मत. म्हणून मोठ्या सामन्याआधी ते जुन्या रेषा घासून काढत, गवत कापत आणि टेप लावून पहिल्यापासून मोजत.

"फॅवो," मामा म्हणाले.

"तोंडात काय आहे?"

"शुतळी."

"काढा आधी. चिमी आणि जावईबापू बारापर्यंत पोचतायत. बाथरूमची कडी अजून तशीच. आतून लावली की उघडता उघडत नाही. जावई माणूस आत अडकून बसला म्हणजे?"

"संध्याकाळी करतो."

"मागच्या महिन्यापासून रोज संध्याकाळ होतेय. किती वेळा सांगायचं माणसाने? सतरा वेळा सांगितलं! सतरा वेळा!"

"बरं, बरं. सतरा," मामा म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

टेप गोलच्या रेषेपासून मैदानात लांब ताणून ठेवलेली होती. पेनल्टीचा चौकोन साडेसोळा मीटरवर संपतो. हे मामांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. पण झोपेतून उठवणं वेगळं आणि बायकोचा फोन ठेवल्या ठेवल्या विचारणं वेगळं. मामांचा हात टेपवरून सरकत गेला, सतरावर थांबला आणि टक, टक, टक! खुंटी जमिनीत. एकदा आकडा डोक्यात बसला की बसला. पलीकडच्या बाजूची खुंटीही सतरावर गेली. मग सुतळी ताणली, रंगाची गाडी फिरवली आणि मामांनी मागे सरकून, एक डोळा मिटून पाहिलं. रेघ सुतासारखी सरळ होती. फक्त अर्धा मीटर पुढे होती.

सामना साधासुधा नव्हता. घरचा संघ जिंकला तर वरच्या गटात टिकणार होता, नाही तर खालच्या गटात. खालचा गट म्हणजे रिकाम्या खुर्च्या आणि त्या खुर्च्या पुसायलाही माणूस नाही. पाहुण्या संघाला मात्र नुसती बरोबरी पुरणार होती. बरोबरी झाली की चषक त्यांचा. आणि मामांचे जावईबापू वयाच्या सहाव्या वर्षापासून त्या पाहुण्या संघाचे भक्त. लग्न ठरवताना मुलाला व्यसन नाही ना, एवढीच चौकशी मामांनी केली होती. हे व्यसन कोणी सांगितलंच नाही.

मामांनी दिलेल्या पासावर जावईबापू घरच्या प्रेक्षकांमध्ये बसले होते. पाहुण्यांचा पिवळा मफलर शर्टाच्या आत पोटाला गुंडाळलेला. त्यामुळे ते जरा सुटल्यासारखे दिसत होते. शेजारी चिमी बसली होती. नवरा भलत्या वेळी टाळी वाजवायला गेला की त्याचा हात दाबून धरायचा, हे काम तिच्याकडे होतं.

मामा नेहमीसारखे कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ पालथ्या बादलीवर बसले होते, हाताशी फावडं आणि वाळूचं पोतं. सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एकही गोल झाला नव्हता. आणि सत्त्याऐंशीव्या मिनिटाला घरच्या संघाचा नऊ नंबर चेंडू घेऊन टाकीकडच्या गोलवर सुसाट निघाला, पाहुण्यांच्या बचावपटूने पाय घातला आणि नऊ नंबर असा उडाला की खाली यायला त्याने मुद्दाम वेळ लावला असावा.

पंचांनी शिट्टी फुंकली आणि चौकोनाच्या बाहेर बोट दाखवलं. म्हणजे फ्री किक, पेनल्टी नाही. स्टेडियममध्ये जो आवाज उठला त्यात पंचांच्या मागच्या सात पिढ्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात पंचांनी कानाला हात लावला. दूर कुठल्या तरी खोलीत दहा पडद्यांसमोर बसलेले व्हिडिओ पंच त्यांच्याशी बोलत होते. पंचांनी हवेत बोटांनी चौकोन काढला आणि मोठ्या पडद्यावर चित्र थांबलं.

रेघेवर पाय. की रेघेबाहेर?

चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. नियम असा की रेघ चौकोनाचाच भाग. बुटाचं टोक जरी रेघेला लागलं असेल तरी पेनल्टी. एक मिनिट गेलं, दोन गेली. मामांच्या मागच्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले.

"लागलंय! मला इथून दिसतंय!"

"आजोबा, चष्मा कपाळावर आहे," कोणीतरी म्हणालं.

"म्हणूनच दिसतंय! चष्म्याने जवळचं दिसतं!"

मामाही पडद्याकडे बघत होते, पण बुटाकडे नाही. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यांची नजर रेघेवर गेली. छान जाड, स्वच्छ रेघ. मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठ थोपटली. आणि मग त्यांना दिसलं की त्या रेघेच्या आत, गोलच्या बाजूला, आणखी एक रेघ आहे. फिकट, जुन्या व्रणासारखी. घासून काढलेली मागची रेघ उभ्या माणसाला गवतात दिसत नव्हती, पण वरच्या कॅमेऱ्याला दिसत होती.

"ही इथे कशी?" मामा पुटपुटले. "ही तर माझीच. साडेसोळावरची. मग बाहेरची..."

सतरा वेळा सांगितलं. सतरा वेळा!

मामा ताडकन उठले, बादली गडगडत गेली. धावपळ करत ते मैदानाबाहेर उभ्या असलेल्या चौथ्या पंचांपर्यंत पोचले.

"साहेब, जरा रेघेबद्दल..."

"मामा, रेघेच्या मागे व्हा!"

"तेच म्हणतोय, कुठल्या रेघेच्या?"

पुढचं कोणाला ऐकू आलंच नाही. पंचांनी हात गोलकडे केला होता. पेनल्टी! नऊ नंबरने ती मारली, चेंडू जाळ्यात गेला आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. तीन मिनिटांत सामना संपला. घरचा संघ टिकला. मैदानाचे मॅनेजर धावत आले आणि त्यांनी मामांना मिठीच मारली.

"मामा, रेघ बघितलीत? बुटाचं टोक नुसतं टेकलं होतं! आपल्या रेघेनं वाचवलं आपल्याला!"

"साहेब, तीच तर..."

"रडताय काय? हसा!"

मामा हसले. दाढ काढल्यावर माणूस हसतो तसं.

संध्याकाळी रस्त्यात गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि मामांच्या घरात सुतक पडल्यासारखी शांतता होती. जावईबापू आल्याआल्या फोन घेऊन बाथरूममध्ये गेले होते आणि आतून कडी लावून पेनल्टीची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत होते. समालोचकाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "काय हा निर्णय! काय हा निर्णय!" मग दोन सेकंद शांतता. मग पुन्हा, "काय हा निर्णय!"

तासाभराने आवाज बदलला. कडी खडखडू लागली.

"अगं ए," आतून आवाज आला, "हे उघडत नाहीये."

मामींनी मामांकडे पाहिलं. त्या नजरेत सतरा होते.

मामा मुकाट्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन दारापाशी खाली बसले. चिमी आणि मामी स्वयंपाकघरात गेल्या. दाराच्या अलीकडे सासरा, पलीकडे जावई आणि मध्ये गंजलेले चार स्क्रू. आयुष्यात एवढं खासगी बोलण्याची संधी दोघांना कधी मिळाली नव्हती.

"बाबा," आतून जावईबापू म्हणाले, "मला एक सांगा. तुम्ही एवढी वर्षं मैदानावर आहात. खरं सांगा. पेनल्टी होती का हो?"

मामांचा स्क्रूड्रायव्हर घसरला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि समोर तोंड दिसत नसलं की खरं बोलणं सोपं जातं.

"नव्हती," ते म्हणाले.

आत फोनसुद्धा गप्प झाला.

"पंचांची चूक नाही, व्हिडिओवाल्यांचीही नाही. रेघच चुकीची होती, जावईबापू. साडेसोळावर हवी, ती मी सतरावर मारली. मी!"

"काय?" दारावर थाप पडली. "मी म्हणत होतो! मी म्हणत होतो की काहीतरी गडबड आहे! बाबा, उघडा! आत्ताच्या आत्ता उघडा! मी आमच्या क्लबला फोन करतो! चषक आमचा आहे!"

"उघडतोय, पण हा तिसरा स्क्रू..."

"चिमे! ऐकलंस का? तुझ्या बाबांनी रेघ..."

चिमी हातातला झारा घेऊनच बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तो तिसरा स्क्रू राहू द्या जरा," ती म्हणाली आणि दाराला तोंड लावून बोलू लागली. "हे बघा. तुम्ही फोन केलात की बाबांची नोकरी जाणार. सव्वीस वर्षांची. मग तुम्ही तो चषक घेऊन कुठे राहणार ते ठरवा, कारण आपल्या घरात त्याला जागा नाही."

आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. जावईबापू तोंड धूत असावेत.

"फोन नाही करत," ते शेवटी म्हणाले. "पण मला खूप वाईट वाटतंय, एवढं सांगून ठेवतो."

"मलाही," दाराबाहेरून मामा म्हणाले आणि त्यांनी तिसरा स्क्रू काढला.

पुढे मामींची पाळी होती. सगळं कळल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे दोष माझा? मी कडीचं बोलत होते की मैदानाचं? सतराऐवजी शंभर वेळा म्हटलं असतं तर खुंटी कुठे ठोकली असती? पलीकडच्या गोलात?"

मामा काढलेले चार स्क्रू पुन्हा पुन्हा मोजत बसले. रात्रीचं जेवण मामांच्या घशाखाली उतरलं नाही.

सोमवारी सकाळी ते सरळ मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले. साहेबांच्या टेबलावर अजून हारांचे ढीग होते.

"साहेब, मला कबुली द्यायचीय. ती रेघ अर्धा मीटर पुढे होती."

मॅनेजरसाहेबांनी उठून दार लावलं. मग खिडकी लावली. मग पंखा मोठा केला.

"मामा, तुम्ही काय बोललात?"

"रेघ अर्धा..."

"तुम्ही काही बोलला नाहीत. आणि मी काही ऐकलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं? कोणाला माहितीय?"

"घरच्यांना."

"घरचे आपलेच. जावई कुठल्या संघाचा?"

"पाहुण्यांचा."

मॅनेजरसाहेब खुर्चीत बसले ते बसलेच.

पण जावयाला बाहेर कोणाला काही सांगावं लागलंच नाही. त्याच दुपारी टीव्हीवर चार तज्ज्ञ बसले, पाचव्याने चित्र मोठं केलं आणि ती फिकट रेघ सगळ्या जगाला दिसली. "दोन रेघा!" पडद्यावर लाल अक्षरांत आलं. एक तज्ज्ञ म्हणाले, सावली आहे. दुसरे म्हणाले, गवताचा रोग. तिसरे म्हणाले, व्हिडिओ पंच आल्यापासून वाद मिटतील असं वाटलं होतं, पण आता वाद जास्त स्पष्ट दिसतात, एवढंच. संध्याकाळी पाहुण्या क्लबने रीतसर तक्रार केली: मैदान मोजा, पेनल्टी रद्द करा, सामना बरोबरीत धरा आणि चषक आम्हाला द्या. बुधवारी सकाळी दहाला मोजणी ठरली.

मॅनेजरसाहेबांनी मंगळवारी मामांना मैदानाच्या मधोमध गाठलं.

"मामा, आज हवा छान आहे. जुन्या रेघा घासून नव्या मारायला छान हवा."

"नाही साहेब. लीगचे लोक मैदानाला सील लावून गेलेत. आणि सील नसतं तरी नाही. मी सव्वीस वर्षांत एकच रेघ चुकीची मारली. ती लपवायला दुसरी मारली तर दोन होतील."

जावईबापूंनी रजा वाढवली होती. दोन दिवस ते एका खुर्चीत बसून अख्खा सामना पुन्हा पुन्हा बघत होते, पहिल्या मिनिटापासून. मंगळवारी दुपारी कुठेतरी त्यांनी एकदम चित्र थांबवलं, मागे घेतलं, पुढे नेलं, पुन्हा मागे घेतलं. मग फोन उपडा ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. जेवताना मामींनी दोनदा वाढलं ते त्यांना कळलं नाही.

"काय झालं?" चिमीने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. जावई माणूस "काही नाही" म्हणाला की काहीतरी मोठंच असतं.

बुधवारी दहाला मैदानावर चांगली गर्दी जमली. लीगच्या कार्यालयातून मोजणीसाहेब आले होते: कडक इस्त्री, कडक मिश्या आणि हातात लाल प्रकाश टाकणारं मोजणीचं यंत्र. पाहुण्या क्लबचे सेक्रेटरी आले होते, चेहऱ्यावर चषक आधीच घरी नेल्याचं समाधान. मॅनेजरसाहेब देवाचं नाव घेत असावेत, कारण ओठ हलत होते. चिमी, मामी आणि जावईबापू कुंपणाला टेकून उभे होते.

मोजणीसाहेबांनी यंत्र गोलच्या रेषेवर ठेवलं, बटण दाबलं आणि आकडा मोठ्याने वाचला.

"सतरा मीटर. शून्य शून्य."

"बघा!" सेक्रेटरी ओरडले.

"अर्धा मीटर जास्त," मोजणीसाहेब म्हणाले. "ही रेघ कोणी मारली?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "आता त्याचं असं आहे की, अनेक हात लागतात..."

"मी मारली," मामा पुढे आले. "एकट्याने मारली. फोनवर बोलता बोलता आकडा चुकला. दोष माझा. पंचांना त्यात बोल लावू नका, खेळाडूंना तर नकोच. नोकरीवरून काढायचं तर मला काढा."

मामी कुंपणाजवळ पदराने डोळे टिपू लागल्या. फोनवर दुसऱ्या टोकाला कोण होतं हे मामांनी सांगितलं नव्हतं, आणि तीस वर्षांत त्यांनी याहून गोड काही केल्याचं मामींना आठवत नव्हतं.

"काढावंच लागेल," मोजणीसाहेब लिहू लागले. "आणि पेनल्टी चुकीच्या रेघेवरची असल्यामुळे..."

"एक मिनिट!"

जावईबापू कुंपणावरून उडी मारून आत आले. उडी नीट जमली नाही. शर्टाखालून लोंबणारा पिवळा मफलर तारेत अडकला, तो त्यांनी तसाच सोडला. त्यांचा चेहरा पडला होता, पण पाय थांबत नव्हते.

"साहेब, हे बघा," त्यांनी फोन पुढे केला. "बावन्नावं मिनिट. हाच गोल, हीच रेघ. घरचा नऊ नंबर एकटा गोलवर निघालाय, आणि आमचा... म्हणजे पाहुण्यांचा गोलकीपर पुढे येऊन त्याच्या पायावरचा चेंडू हाताने पकडतो. कुठे पकडतो बघा. नव्या रेघेच्या आत. पण जुन्या रेघेच्या बाहेर!"

मोजणीसाहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. सेक्रेटरींनी मान लांब केली.

"म्हणजे रेघ साडेसोळावर असती," जावईबापू एकेक शब्द दात काढावा तसा काढत म्हणाले, "तर गोलकीपरने चौकोनाबाहेर चेंडूला हात लावला असता. सरळ लाल कार्ड. बावन्नाव्या मिनिटाला. पुढची अडतीस मिनिटं आपण... ते दहा जणांत खेळले असते, तेही ह्या गोलकीपरशिवाय. रेघ मागे घ्यायची तर सगळ्यांसाठीच मागे घ्या. फक्त पेनल्टीपुरती कशी घेणार?"

मोजणीसाहेबांनी चित्र मागे घेऊन पुन्हा पाहिलं आणि मान डोलावली.

सेक्रेटरी खाकरले. घरच्या संघावर जो अन्याय झाला त्याची मोजदाद सुरू झाली तर ती आपल्या गोलकीपरपाशी येऊन थांबेल, हे त्यांना एका क्षणात उमगलं.

"आमच्या क्लबचं असं म्हणणं आहे," ते म्हणाले, "की खेळात रेघेपेक्षा भावना महत्त्वाची. तक्रार आम्ही मागे घेतो." आणि ते इतक्या वेगाने गाडीकडे निघाले की त्या वेगाने त्यांचा एखादा खेळाडू धावला असता तर चषक केव्हाच मिळाला असता.

मामांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"बाबा, बोलू नका काही," जावईबापू म्हणाले. "मी आत्ता माझ्या हाताने माझा चषक घालवलाय. मला दोन मिनिटं द्या." चिमीने तारेतला मफलर सोडवून आणला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात घातला, शर्टाच्या बाहेरून, उघड उघड.

"ते झालं," मोजणीसाहेबांनी पेन पुन्हा उघडलं. "निकाल कायम. पण चूक ती चूक. मामांना सेवेतून..."

"साहेब," मामा म्हणाले, "माझं काय करायचं ते करा. एकच विनंती. यंत्र आणलंच आहे तर अख्खं मैदान मोजून जा. मी गेल्यावर कोणी म्हणायला नको की मामांनी आणखी काय काय वाकडं ठेवलंय."

मोजणीसाहेबांना हा माणूस आवडू लागला होता. त्यांनी दुसरा चौकोन मोजला: साडेसोळा, केसाचाही फरक नाही. मधलं वर्तुळ बरोबर. कोपरे बरोबर. साहेबांच्या चेहऱ्यावर कौतुक चढत गेलं. शेवटी ते टाकीकडच्या गोलपाशी आले, दोन खांबांमधलं अंतर घ्यायला. यंत्र एका खांबाला लावलं, बटण दाबलं आणि आकडा वाचायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

"किती?" मामांनी विचारलं. "सात मीटर बत्तीस असायला हवं."

साहेबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पाहिलं. जावईबापूंनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून मोठ्याने वाचलं.

"सात मीटर चोवीस."

"आठ सेंटिमीटर कमी?" मॅनेजरसाहेब पुढे धावले. "मामा!"

"खांब मी नाही हो रोवत," मामा म्हणाले. "ते वरून येतात, वरचे लोकच उभे करतात. ही काय पट्टी आहे."

खांबाच्या मागच्या बाजूला छोटी पितळी पट्टी होती. मामांनी ती बाहीने पुसली. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, "मोजून पाहिले, बरोबर आहे" हे शब्द आणि खाली एक सही. सही अगदी कडक होती, मिश्यांसकट ओळखू यावी अशी.

मोजणीसाहेबांनी सही पाहिली. मग गोल पाहिला. अकरा वर्षांत ह्या खांबांना लागून किती चेंडू परत फिरले असतील, याचा विचार एकाच वेळी सगळ्यांच्या डोक्यात आला. जावईबापूंच्या तर डोळ्यांतच आला.

"थांबा," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी, उपांत्य सामन्यात, आमचा चेंडू ह्याच खांबाला..."

"चला, चहा घेऊ या," चिमीने त्यांचा दंड धरला.

मोजणीसाहेबांनी यंत्र हलवलं, उलटं केलं, कानाला लावलं.

"बॅटरी उतरलीय," ते जाहीर करते झाले. "हे यंत्र आज काही खरं दाखवत नाहीये."

"साहेब," मामा प्रामाणिकपणे म्हणाले, "पण मघाशी सतरा दाखवताना तर ती चढलेली होती."

"नाही," साहेब म्हणाले. त्यांनी लिहिलेला कागद शांतपणे वहीतून फाडला आणि चारदा घडी करून खिशात ठेवला. "सकाळपासूनच उतरलेली आहे. अगदी पहिल्या मापापासून. अशा यंत्राच्या भरवशावर सव्वीस वर्षांच्या माणसाला काढणं बरं दिसत नाही. मामा, उद्या ती रेघ साडेसोळावर घ्या. खांबांचं मी बघतो."

"कधी?"

"कोणी मोजायला येण्याच्या आत."

पहिल्यांदा मामी हसल्या. मग चिमी. मग चार दिवस उपाशीपोटी फिरणारे मामा गुडघ्यांवर हात ठेवून इतके हसले की त्यांना गवतावर बसावं लागलं, आणि त्यांना उठवायला वाकलेले जावईबापू तोल जाऊन त्यांच्याच शेजारी बसले. मॅनेजरसाहेबांनी तर गोलच्या खांबाला मिठीच मारली. मोजणीसाहेबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग तेही हसले. फक्त आठ सेंटिमीटर कमी.